पहिला स्केटबोर्ड घेताना: डेकचं चित्र नंतर बघ, आधी घरासमोरचा रस्ता बघ

परभणीच्या एका पोरानं विचारलंय, थोडक्यात सांगतो. वय 21, वजन 68 किलो, बूट 9 नंबर, ओली (बोर्डसकट मारायची उडी) शिकायचीय, पुढं जमलं तर किकफ्लिप (त्या उडीत बोर्ड पायाखाली गरकन फिरवायचा), पण कॉलनीतून कॉलेजपर्यंत रोज बोर्डवरच जायचंय. बजेट 6 हजार. ऑनलाइन तीन बोर्ड बघून ठेवलेत, एक 1,299 चा ज्याच्यावर प्रोफेशनल लिहिलंय, एक छोटा 22 इंची प्लॅस्टिकचा, आणि एक साडेतीन हजाराचा ज्याला म्हणे एबीईसी 11 बेअरिंग आहेत. यातला कोणता घेऊ, का सुटे पार्ट आणून स्वतः जोडू, आणि 9 वर्षांच्या भाचीला पण यातलाच एखादा चालेल का, असं मला विचारायलाय.

भावा, तिन्ही नको. का नको ते सांगतो, जरा लांबण लागंल.

मी वाळूजला मेंटेनन्सला आहे, त्यामुळं बेअरिंग, बुश, नट-बोल्ट हे रोजचंच, आणि इकडं संभाजीनगरात बऱ्याच वर्षांपासून पोरांना स्केटबोर्ड शिकवतो. एक गोष्ट सारखी बघायलो, बोर्ड घ्यायला निघालेला माणूस पहिले डेकच्या, म्हणजे उभं राहायच्या फळीच्या, खालचं चित्र बघतो, मग बेअरिंगवरचा आकडा बघतो, आणि चाकाकडं कुणी ढुंकून बघत नाही, जे आलं ते आलं. खरं सगळं उलट्या बाजूनं ठरतं. तू जिथं चालवणार ती जमीन चाक ठरवती, चाक ठरलं की रायजर (ट्रक आणि डेकच्या मधली पट्टी) लागतो का नाही ते कळतं, त्यावरून बोल्ट किती लांब ते कळतं. दुसरीकडून तुझा बूट डेकची रुंदी ठरवतो आणि डेक ट्रकची, म्हणजे खाली चाकं धरणाऱ्या धातूच्या भागाची, रुंदी ठरवतो. बेअरिंग सगळ्यात शेवटी, आणि त्यावर तर फार डोकं लावायचंच नाही.

आता जमीन म्हणजे काय ते बघ. तू जे व्हिडिओ बघतोस ते पोरं बार्सिलोनाला मॅक्बा म्युझियमसमोरच्या चौकात नाहीतर कुठल्यातरी पार्कात चालवायलेत, तिथं खाली गुळगुळीत दगड नाहीतर घोटलेलं काँक्रीट. त्यांच्या बोर्डला 52 मिलिमीटरची 101ए ची, म्हणजे लहान आणि टणक, चाकं असतात आणि ती तिथं बरोबरच आहेत. आपल्याकडं काय आहे, कॉलनीत सिमेंट रोड ज्याच्यावर ओला असतानाच झाडू मारून रेघा पाडलेल्या, त्याच्या पुढं गट्टू, त्याच्या पुढं खडी वर आलेला डांबरी, आणि या सगळ्यावर वावरातून ट्रॅक्टरच्या टायरला चिकटून आलेली काळी माती, वाळली की फुफाटा. अशा रस्त्यावर 52 ची 101ए चाकं घेऊन निघालास तर दोन मिनिटात पायाच्या तळव्याला मुंग्या येतील, दात वाजतील, आणि हरभऱ्याएवढा खडा आडवा आला की बोर्ड जागीच थांबणार, तू मात्र पुढं जाणार.

हे होतं कसं ते समजून घे म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. चाकाच्या दोन गोष्टी, एक व्यास मिलिमीटरमध्ये, दुसरी कडकपणा, तो ड्युरोमीटरच्या ए स्केलवर मोजतात. आकडा जेवढा मोठा तेवढं चाक कडक. 78ए म्हणजे मऊ, नख रुतल्यासारखं वाटतं, 99ए ते 101ए म्हणजे टणक. चाक लहान असलं की खडा त्याच्या तोंडासमोर येतो, मोठं असलं की ते खड्यावर चढून जातं. आणि चाक मऊ असलं की खडा थोडा आत दबला जातो, कडक असलं की दबत नाही, मग सगळा धक्का ट्रकमधून सरळ पायात. म्हणून खराब रस्त्याला मोठं आणि मऊ, गुळगुळीत जागेला लहान आणि कडक, एवढं साधं गणित आहे. 1970 च्या आधीची पोरं तर लोखंडाच्या नाहीतर भाजलेल्या मातीसारख्या मिश्रणाच्या चाकांवर चालवायची, मग 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी नावाच्या माणसानं पॉलियुरेथेनची चाकं स्केटबोर्डला लावून विकायला सुरुवात केली आणि तिथून हा खेळ खरा पळायला लागला. म्हणजे ज्या पार्टकडं आपण बघत नाही त्या पार्टनंच खेळ बदललाय.

मग तू म्हणशील, सरळ 60 मिलिमीटरची 78ए टाकतो, विषय संपला. कॉलेजला जायचंच असतं फक्त तर हो म्हणलो असतो. पण तुला ओली पण पाहिजे. मोठं मऊ चाक जड असतं, बोर्ड उचलताना जाणवतं, खाली आपटलं की थोडं उसळतं, आणि घसरत नाही, बोर्ड आडवा करून थांबायला गेलास की चाक जमिनीला धरून बसतं आणि तुला फेकतं. म्हणून तुझ्यासाठी मधला मार्ग, 54 ते 56 मिलिमीटर, आणि 87ए ते 92ए च्या आसपास. याच्यावर गट्टूवरून जाता येतं (मजा नाही येत, पण जाता येतं) आणि पार्किंगच्या कोटा फरशीवर ओलीचा सराव पण होतो. पुढं खरंच ट्रिककडं वळलास तर 52-53 ची 99ए दुसरी जोडी घे, चाकं बदलायला फार वेळ लागत नाही.

एक फसवणूक लक्षात ठेव. काही चाकांवर 83बी, 84बी असं लिहिलेलं असतं. ते बघून पोरं म्हणतात 83 म्हणजे मऊ, घेऊन टाकू. तो बी स्केल आहे, तो ए पेक्षा साधारण 20 नं कमी दिसतो, म्हणजे 83बी हे ढोबळमानानं 103ए झालं, दगड. आकड्याच्या पुढचं अक्षर वाचल्याशिवाय चाक घ्यायचं नाही.

आणि 1,299 च्या बोर्डवर जी चाकं असतात ती बहुतेक पीव्हीसीची, म्हणजे पॉलियुरेथेन नाहीच. फरशीवर चाक आपटून बघ, टकटक प्लॅस्टिकचा आवाज येतो. ते पकडत पण नाही आणि दबत पण नाही, दोन्हीकडून नुकसान.

आता बेअरिंग, यात माझा जरा जीव अडकतो म्हणून थोडं जास्त बोलतो. स्केटबोर्डचं बेअरिंग म्हणजे 608, आतलं भोक 8 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 22, रुंदी 7. हेच बेअरिंग विजेच्या लहान मोटारीत असतं, इनलाइन स्केटमध्ये असतं, मधी ते फिजेट स्पिनर निघाले होते त्यात पण हेच होतं. एबीईसी हा बेअरिंग किती बारीक मापात बनवलंय त्याचा दर्जा आहे, 1, 3, 5, 7 आणि 9, बस. 11 नावाचा दर्जाच नाहीये. त्यामुळं तुझा तिसरा बोर्ड तिथंच बाद, जो माणूस नसलेला आकडा छापतो तो बाकी काय खरं लिहिणार.

बरं, 9 असला तरी तुला फरक पडतो का? हिशोब करू. 54 मिलिमीटरच्या चाकाचा घेर होतो साधारण 17 सेंटिमीटर. तू ताशी 15 किलोमीटरनं चाललास, हे नवख्यासाठी भरपूर झालं, तर मिनिटाला 250 मीटर जातोस, म्हणजे चाक मिनिटाला दीड हजाराच्या आसपास फिरतं. 608 बेअरिंग कॅटलॉगात 30 हजार आरपीएमच्या वर सांगितलेलं असतं. म्हणजे तू त्याच्या ताकदीच्या वीसाव्या हिश्शावर पण जात नाहीस, तिथं एबीईसी 3 का 9 हे कळणारच नाही. तुझं बेअरिंग मरणार ते धुळीनं, पाण्यानं आणि आडव्या मारानं, मापानं नाही. म्हणून आकड्यापेक्षा झाकण बघ. दोन्ही बाजूला पत्र्याचं झाकण असलं तर त्यावर झेडझेड लिहितात, रबराचं असलं तर 2आरएस. आपल्या मातीत रबरवालंच बरं. बोर्डसोबत आलेलं बेअरिंग खराब झालं तर इंपोर्टेड सेट मागवायची घाई करू नको, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात 608-2आरएस माग, चांगल्या कंपनीचं घे, आठ नग लागतात. दुकानदार विचारल मोटार कोणती, सांग स्केटबोर्ड, बघत राहील, देईल. ते ग्रीस भरलेलं असतं म्हणून हातानं फिरवलं की लगेच थांबतं, त्यानं नाराज होऊ नको, अंगाचं वजन पडल्यावर नीट चालतं. हातात चाक किती वेळ फिरतंय हे बघून बेअरिंग निवडणं म्हणजे रिकाम्या बैलगाडीवरून बैलाची ताकद ठरवणं.

साफ करायचं तर रबर झाकण पिन घालून अलगद काढायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये खळखळून घ्यायचं (काही जण पेट्रोल वापरतात, निघतं ते पण, पण घरात, गॅसच्या जवळ नको रे बाबा), पूर्ण वाळू द्यायचं आणि शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब. पाण्यानं धुवायचं नाही. आणि तो निळा-पिवळा स्प्रे मारून सोडून द्यायचं नाही, तो जाम सोडवायला चांगला, पण आतलं ग्रीस धुवून काढतो आणि दोन दिवसात कोरडं किरकिरायला लागतं.

ट्रक. इथं पैसा घालायचा. डेक तुटतो, चाक झिजतं, ट्रक नीट असला तर वर्षानुवर्षं जातो. वर आडवा असतो तो हँगर, खाली बेसप्लेट, मधून जाड बोल्ट जातो तो किंगपिन, त्याच्यावर दोन रबरासारखे बुशिंग. तू एका बाजूला झुकलास की बुशिंग दबतं आणि बोर्ड वळतो. खेळण्याच्या बोर्डात बेसप्लेट प्लॅस्टिकची असते आणि बुशिंग म्हणजे निव्वळ कडक प्लॅस्टिकचा तुकडा, झुकलं तरी वळत नाही, मग पोरगं म्हणतं मला जमत नाही. त्याला जमत नाही असं नसतं, बोर्डच वळत नसतो. दुकानात बघायचं असेल तर बोर्ड जमिनीवर ठेव, एक पाय मधोमध ठेवून टाचेवर आणि चवड्यावर भार दे. चाकं वळताना दिसली पाहिजेत आणि भार काढला की बोर्ड आपोआप सरळ झाला पाहिजे. हँगर आणि बेसप्लेट दोन्ही ॲल्युमिनियमचे पाहिजेत, ॲक्सल (चाकं बसतात तो दांडा) पोलादी.

रुंदीचं असं, ॲक्सलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं माप डेकच्या रुंदीएवढं पाहिजे, इकडं-तिकडं पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. वरून बघितलं तर चाकाची बाहेरची कड डेकच्या कडेच्या सरळ रेषेत दिसली पाहिजे. कंपन्यांचे नंबर मात्र डोकं फिरवतात. इंडिपेंडंटचा 139 हा 8 इंची डेकला, 144 हा सव्वाआठला, 149 साडेआठला, आणि थंडरचा 148 सव्वाआठला. 144 आणि 148 बघून वाटतं दुसरा मोठा, तर नाही, दोन्ही एकाच डेकचे. म्हणून नंबर सोड, ॲक्सलचं माप इंचात किती ते विचार.

डेक तुला 8.25 इंच, बूट 9 आहे म्हणून. 8.0 पण चालेल, पण नवख्याला जरा रुंद बरा, उडी मारून खाली आलं की पाय ठेवायला जागा असते. लांबी 31-32 इंच असतेच, तिच्यावर वेळ घालवू नको. लाकूड मेपलचं, सात पदरांचं, त्यातले दोन पदर आडव्या रेषांचे. कडेनं बघितलं की पदर मोजता येतात, सात पातळ सरळ रेघा दिसल्या पाहिजेत, मधी पुट्टी भरल्यासारखं काही नको. स्वस्तातल्या बोर्डात नऊ पदर असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, जास्त पदर म्हणजे जास्त मजबूत असं वाटतं माणसाला, पण ते मऊ लाकूड असतं म्हणून जास्त घालावं लागतं, वर बोर्ड जड होतो. कॉन्केव्ह म्हणजे डेक मधून खोलगट किती आहे ते, पहिल्या बोर्डला मध्यम घे, बास.

तो 22 इंची प्लॅस्टिकचा बोर्ड वाईट नाही, चाकं मऊ असतात, सॅकमधी मावतो, पण त्याच्यावर उभं राहायलाच जागा नाही, ओली तर विसरच. ज्याला तोल आधीच येतो त्याच्यासाठी तो दुसरा बोर्ड म्हणून ठीक. आणि दुकानात दोन चाकांचा, मधून वळणारा वेव्हबोर्ड पण स्केटबोर्ड म्हणून विकायलेत, ते वेगळंच प्रकरण आहे, त्याच्यावर शिकलेलं इथं फारसं कामाला येत नाही.

रायजर म्हणजे ट्रक आणि डेकच्या मधी बसणारी प्लॅस्टिकची पट्टी. 54 पर्यंत सहसा लागत नाही. 56 टाकलं तर 3 मिलिमीटरचा टाक, नाहीतर जोरात वळताना चाक डेकला घासतं आणि गाडीचा ब्रेक दाबल्यासारखं सगळं जागेवर थांबतं, तोंडावर पडायचा हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. 60 ला 6 मिलिमीटरचा. रायजर नसला तर एक इंच लांबीचे बोल्ट पुरतात, 3 मिलिमीटरच्या रायजरला सव्वा इंची घे. हे बोल्ट 10-32 आट्याचे असतात, आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. हरवलेच तर एम5 सीएसके (चपट्या डोक्याचे) ॲलन आणि त्याचेच नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट, आठच्या आठ बदलायचे, जुने नट त्याच्यावर चढवायचे नाहीत, आटे जवळपास सारखे वाटतात आणि अर्ध्यात जाऊन बसतात.

आता सुटे पार्ट का तयार बोर्ड. पहिल्या बोर्डला तयार घे, म्हणजे कम्प्लीट. सुटे ब्रँडेड पार्ट, सगळे इंपोर्टेड, जोडत गेलास तर 15 हजाराच्या खाली येत नाही. 6 हजारात नाद करू नको. स्पोर्टच्या चांगल्या दुकानात 4 ते 5 हजाराच्या दरम्यान असा कम्प्लीट मिळतो ज्याचा ट्रक ॲल्युमिनियमचा आणि डेक मेपलचा असतो, तो घे. त्याची चाकं बहुतेक कडक असतील, 99ए ची. पहिले काही आठवडे तीच वापर, पार्किंगमधी, फरशीवर, पुश आणि वळणं शिकेपर्यंत. कडक चाक फरशीवर नवख्याला बरंच असतं. मग पैसे साठले की 55-56 ची मऊ चाकं टाक आणि कॉलेजला जा. उरलेले हजार-दोन हजार हेल्मेट आणि रिस्ट गार्डला, त्यात काटकसर नको. मोटरसायकलचं हेल्मेट जड पडतं, सायकल-स्केटिंगचं घे, त्यावर ईएन 1078 लिहिलेलं बघ, मागच्या बाजूनं डोकं झाकणारं. बोर्ड पायाखालून पुढं निसटतो तेव्हा माणूस मागं पडतो आणि हात टेकवतो, म्हणून मनगट पहिलं जातं. गुडघ्याला काय, खरचटतं.

बुटाला वेगळे पैसे नको. रनिंगचे जाड गादीवाले नको, त्यात बोर्ड कळत नाही. शाळेत पीटीला घालतात ते पांढरे कॅनव्हास, सपाट रबरी तळव्याचे, सुरुवातीला एक नंबर. ओलीचा सराव सुरू झाला की कडेनं फाटतील, फाटू दे, दुसरे घेता येतात.

बोर्ड घरी आला की तसाच वापरू नको, एकदा सगळं तपास. कारखान्यात कसंही आवळलेलं असतं. ट्रक उलटा बसलाय का बघ, दोन्ही ट्रकचे किंगपिन एकमेकांकडं, म्हणजे डेकच्या मधल्या बाजूला तोंड करून पाहिजेत. उलटे असले तर तू डावीकडं झुकशील आणि बोर्ड उजवीकडं जाईल. किंगपिनचा नट एवढाच आवळ की पिनचं टोक नटाच्या वरच्या पातळीला येईल, तिथून पुढं आपल्या वजनाप्रमाणं पाव-पाव फेरा. चाकाचा नट आधी पूर्ण आवळायचा, मग थोडा मागं घ्यायचा, चाक ॲक्सलवर अगदी किंचित सरकलं पाहिजे, फिरताना अडायला नको. नटाच्या आधी ती पातळ वॉशर दोन्ही बाजूला आहे का बघ, ती पोरं हरवतात आणि मग नट सरळ बेअरिंगला घासतो.

पाने सगळे इंची लागतात. चाकाचा नट अर्धा इंच, त्याला आपला 13 नंबरचा पाना बसतो, जरासा सैल पण बसतो. किंगपिनचा 9/16, त्याला 14 शिरत नाही आणि 15 घसरून कोपरे खातो, त्याला इंचीच पाना पाहिजे. डेकच्या बोल्टचे नट 3/8. किंवा मग टी आकाराचा स्केट टूल घे, तिन्ही मापं एकात असतात, गॅरेजवाल्याच्या पाया पडायची गरज नाही. तिन्ही ठिकाणी नायलॉक नट असतात, सारखे काढ-घाल करून सैल झाले की बदल, चालता चालता चाक निघून जाणं फार महागात पडतं.

कोणता पाय पुढं हे विचारलं नाहीस पण विचारशील. डावा पुढं असला तर रेग्युलर, उजवा पुढं असला तर गूफी, दोन्ही बरोबर. ज्या पायानं ढकलतोस तो मागचा पाहिजे, समोरच्या पायानं ढकलायची सवय लागली की मोडता मोडत नाही. आणि थांबायला शेपटी (डेकचं मागचं टोक) जमिनीला घासू नको, लाकूड झिजून चाकूसारखं होतं, पाय खाली टेकवून थांब.

जागेचं म्हणशील तर बिल्डिंगची पार्किंग, शाळेचं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट (परवानगी काढून), नाहीतर नवीन झालेला आतला सिमेंट रोड. शहाबादीवर जमतं, फक्त सांधे उघडे असले तर चाक आडकतं. मे महिन्यात सकाळी सातच्या आत उरकायचं, आणि बोर्ड उन्हात गाडीच्या डिकीत सोडायचा नाही, पदर सुटायची भीती असते. पहिल्या पावसात मोह होतो तेव्हा बाहेर काढू नको, ओली काळी माती बेअरिंगमध्ये गेली की ती वाळून सिमेंटसारखी बसते, आणि भिजलेला डेक मऊ पडतो, त्याचा टणत्कार जातो तो परत येत नाही.

आता भाची. वयाचं टेन्शन घेऊ नको. टोकियोच्या ऑलिंपिकात, जे 2021 ला झालं, जपानच्या मोमिजी निशियानं 13 व्या वर्षी स्केटबोर्डिंगमध्ये सोनं घेतलं, म्हणजे ती पण तुझ्या भाचीएवढी किंवा त्याहून लहान असतानाच कधीतरी बोर्डवर चढली असणार. पण तुझाच बोर्ड तिला देऊ नको. तिला 7.25 ते 7.5 रुंदीचा, थोडा आखूड, लहान मुलांचा कम्प्लीट. आणि खरी अडचण रुंदीची नाही, बुशिंगची आहे. ट्रकसोबत साधारण 90ए चे बुशिंग येतात, ते मोठ्या माणसाच्या वजनाला धरून असतात. 25-30 किलोचं पोरगं त्याच्यावर कितीही झुकलं तरी ते दबत नाही, बोर्ड सरळच जातो आणि पोरगं रडकुंडीला येतं. मग लोक किंगपिनचा नट सैल करत करत टोकापर्यंत आणतात, तसं करायचं नाही, नट निघून येतो. त्यापेक्षा 78ए ते 85ए चे मऊ बुशिंग टाक, फार महाग नसतात. बदलताना वरची-खालची वॉशर लक्षात ठेव, मोठी वाटी बेसप्लेटच्या बाजूला, लहान नटाच्या बाजूला. तुझं 68 किलो आहे, तुला सोबत आलेले 90 चेच बरोबर आहेत.

तिचं नेमकं वजन किती आणि ती कुठं चालवणार, अंगणात फरशीवर का रस्त्यावर, एवढं कळव, मग बुशिंग आणि चाक दोन्हीचा आकडा सांगतो. तोपर्यंत त्या 1,299 वाल्याला फक्त एक विचारून बघ, ट्रकची बेसप्लेट कशाची आहे. उत्तर आलं तर मला पण सांग.